घरी बडबड, शाळेत चिडीचूप : न बोलणाऱ्या मुलाला बोलतं करताना

जूनमध्ये पहिलीत आलेली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. हजेरीत तिचं नाव आलं की ती मान खाली घालायची आणि बाकीची मुलं एका सुरात सांगायची, "बाई, ती बोलत नाय." देवगड तालुक्यातली आमची शाळा द्विशिक्षकी, पट १४. मी तिच्या आईला बोलावून घेतलं, तर आईच चकित झाली. "आमचा चेडू? घराक इला की तोंड गप ऱ्हवना नाय त्येचा!" तिने मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात तीच मुलगी पडवीत उभी राहून आजीला दशावतारातल्या संकासुराची नक्कल करून दाखवत होती, तीही खणखणीत आवाजात.

त्यानंतर मी जे केलं ते चुकीचं होतं. मी तिला परिपाठात उभं केलं. "आज प्रतिज्ञा तू सांगायची," म्हणाले. चॉकलेट दाखवून पाहिलं. एकदा तर चिडून "बोलल्याशिवाय घरी जायचं नाही" असंही म्हणाले. ती रडली नाही, नुसती ताठ उभी राहिली, आणि थोड्या वेळाने तिच्या पायाखालची फरशी ओली झाली. तिला लघवीला जायचं होतं आणि ते मला सांगता आलं नव्हतं. तो दिवस मी विसरू शकत नाही. त्याच आठवड्यात मी कणकवलीतल्या एका बालमानसशास्त्रज्ञ बाईंची वेळ घेतली. पुढे जे लिहिलं आहे ते त्यांच्याकडून शिकलेलं, त्या मुलीबरोबर दीड वर्ष करून पाहिलेलं, आणि नंतर आणखी दोन मुलांना उपयोगी पडलेलं आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात असं मूल असेल तर कुठून सुरुवात करायची, हे कळावं म्हणून लिहिते आहे.

हे आहे तरी काय

याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मराठीत 'निवडक मूकता' म्हणतात, पण 'निवडक' या शब्दाने घोटाळा होतो. मूल ठरवून गप्प बसतं, माणसं निवडून बोलतं, असा अर्थ त्यातून निघतो. हा घोटाळा जुना आहे. १८७७ साली कुसमाउल या जर्मन डॉक्टरने अशा रुग्णांचं वर्णन केलं तेव्हा त्याने दिलेल्या नावाचा अर्थच 'स्वेच्छेने आलेली वाचाहीनता' असा होता. १९३४ मध्ये ट्रामर या स्विस बालमनोविकारतज्ज्ञाने 'इलेक्टिव्ह म्युटिझम' हे नाव वापरलं, त्यातही मुलाची मर्जी गृहीत धरलेली होती. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९९४ च्या वर्गीकरणात 'इलेक्टिव्ह' काढून 'सिलेक्टिव्ह' केलं आणि २०१३ मध्ये या विकाराला चिंताविकारांच्या गटात बसवलं. म्हणजे हा हट्ट नाही, भीती आहे, हे कागदावर यायला शंभराहून जास्त वर्षं गेली. आपल्या गावात ते अजून यायचं आहे.

ओळखायच्या खुणा थोडक्यात अशा. मूल एका ठिकाणी, बहुतेक घरी, नीट बोलतं. दुसऱ्या ठिकाणी, जिथे बोलणं अपेक्षित आहे तिथे, सातत्याने बोलत नाही. हे किमान एक महिना चाललेलं असतं, आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरायचा नाही, कारण नव्या जागी पुष्कळ मुलं गप्प असतात. अभ्यासावर किंवा मैत्रीवर त्याचा परिणाम होत असतो. सुरुवात बहुधा पाच वर्षांच्या आत होते, पण लक्षात येतं ते बालवाडीत किंवा पहिलीत. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये याचं प्रमाण ०.०३ ते १ टक्का आढळलं आहे. मुलींमध्ये थोडं जास्त दिसतं.

आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम तपासावी लागते. मूल घरी मालवणी बोलतं, संगमेश्वरी बोलतं, मुस्लिम वस्तीत कोकणी बोलतं, आणि शाळेतलं पुस्तक प्रमाण मराठीत असतं. आता तर पुष्कळ जण मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. नवी भाषा ऐकत काही महिने गप्प राहणं हा आजार नाही. पण वर्षभरात भाषा समजायला लागली, मूल सांगितलेलं सगळं करतं, वहीत बरोबर उत्तरं लिहितं आणि तरीही खेळाच्या मैदानावर स्वतःच्या बोलीतसुद्धा बोलत नाही, तर ते भाषेचं कारण नव्हे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांमध्ये हा त्रास जास्त आढळतो. तेव्हा "माका नाही, मला म्हण" अशी दुरुस्ती त्याच्या पहिल्या शब्दावर तरी करू नका.

भीती कशी पोसली जाते

हा भाग समजला की पुढचं सगळं आपोआप सुचतं, म्हणून जरा थांबून वाचा.

दुकानदार विचारतो, "काय गो, नाव काय तुजा?" मुलीच्या पोटात गोळा येतो, गळा आवळतो, चेहरा दगडासारखा होतो. दोन सेकंद जातात. आईला लाज वाटते, मुलीची दयाही येते, आणि आईच नाव सांगून टाकते. मुलीला सुटल्यासारखं होतं. आईलाही सुटल्यासारखं होतं. दुकानदार पुड्या बांधायला लागतो. तिघांचंही त्या क्षणापुरतं बरं झालं. पण मुलीच्या मनाने धडा घेतला की गप्प राहिलं की भीती जाते. पुढच्या वेळी ती आणखी घट्ट गप्प बसते. हे दिवसातून दहा वेळा, चार-पाच वर्षं घडलेलं असतं. यात आईचा दोष नाही. कुठलीही आई हेच करेल. आजी करते, मावशी करते, वर्गातली मुलं तर "ती बोलत नाय" म्हणून आपणहून वकिली करतात.

सीबीटीमध्ये, म्हणजे बोधात्मक वर्तन उपचारात, हेच चक्र उलटं फिरवतात. मुलाला झेपेल एवढीच भीती समोर आणायची, त्यातून पळून न जाता ते एवढंसं बोललं की त्याला यश मिळू द्यायचं, आणि मग पुढची पायरी. लहान मुलांत यातला 'वर्तन' भागच मोठा असतो. विचारांवरचं काम सात-आठ वर्षांनंतर खरं उपयोगी पडतं.

पहिलं काम : तपासणी

आधी कान तपासून घ्या. मग बोलण्यातले दोष, तोतरेपणा, भाषेची वाढ, स्वमग्नता (ऑटिझम), हे सगळं पाहिलं जायला हवं, कारण यातलं काही सोबत असू शकतं आणि मग वाट थोडी बदलते. डॉक्टरकडे जाताना मूल घरी बोलत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात ते बोलणार नाही आणि नुसतं तुमच्या सांगण्यावरून डॉक्टरांना अंदाज येणं कठीण जातं.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते वजन-उंची घेऊन जाण्याच्या गडबडीत असतात, म्हणून शिक्षकांनी आधीच नाव लिहून ठेवावं. तिथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवता येतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं की आपली माणसं दचकतात, पण तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन सल्ला घेणं म्हणजे कोणाला 'भरती' करणं नव्हे. घरबसल्या पहिली चौकशी करायची तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. खासगी तज्ज्ञ गाठलात तर दोन प्रश्न जरूर विचारा : मुलांबरोबर सीबीटी किंवा वर्तनोपचार करता का, आणि शाळेतल्या शिक्षकांशी बोलाल का? दुसऱ्याला 'नाही' असेल तर मी दुसरे तज्ज्ञ शोधेन. मूल जिथे गप्प आहे तिथेच उपचार पोचला पाहिजे. आमच्या बाई महिन्यातून दोनदा भेटायच्या आणि बाकीचं व्हिडिओ कॉलवर व्हायचं, त्यासाठी मला फोन घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जावं लागायचं, कारण शाळेत रेंज नाही.

मूल आधी सगळीकडे बोलत होतं आणि अचानक गप्प झालं, किंवा घरीही बोलेनासं झालं, तर हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठा. ती गोष्ट वेगळी असते.

जिभेला वेखंड चोळणं, जीभ जड आहे म्हणून खालचा पडदा कापा म्हणणं, देवाला गाऱ्हाणं घालणं, हे सगळं आमच्या मुलीचंही झालं होतं. गाऱ्हाणं घातल्याने आजीच्या मनाला उभारी येत असेल तर ते जरूर घाला. पण घरी संकासूर होणाऱ्या मुलीची जीभ जड असूच शकत नाही.

दुसरं काम : आपण मोठ्यांनी काय थांबवायचं

"बोल ना", "बोल की एकदा", "बोललीस तर देईन" हे घरात, शाळेत, आजोळी बंद. तिच्या देखत तिच्याविषयी चर्चा बंद. "ही मुकी आहे", "ही लाजाळू आहे" हेही बंद, कारण मूल ते नाव अंगाला लावून घेतं. तिने कधी अचानक एखादा शब्द उच्चारला तर "बोलली, बोलली!" म्हणून टाळ्या पिटू नका. मी तशा एकदा पिटल्या आणि ती पुन्हा तीन आठवडे मिटली. शांतपणे, जणू रोजचंच असल्यासारखं, तिच्या शब्दाला उत्तर द्या.

गणपतीत हे सगळ्यात कठीण असतं. मुंबईहून चाकरमानी येतात, घर भरतं, आणि प्रत्येक काका-आत्या प्रेमाने तोच प्रश्न विचारतात. घरच्यांनी फोनवरूनच सांगून ठेवावं : तिला पाहिल्यावर हसा, मोदक द्या, शेजारी बसा, प्रश्न मात्र विचारू नका.

आणि एक सोय लगेच करा. लघवीला जायचंय, दुखतंय, कोणीतरी मारलं, हे सांगता यावं म्हणून चित्रांच्या तीन चिठ्ठ्या तिच्या दप्तरात ठेवा. ही बोलण्याची जागा घेणारी गोष्ट नाही, सुरक्षिततेची आहे.

बोलण्याचा नकाशा

एका कागदावर तीन रकाने काढा : जागा, माणूस, काम. कुठे, कोणाबरोबर, काय करताना ती बोलते ते आठवडाभर लिहा. आम्हाला त्यातून कळलं की ती शाळेच्या वाटेवर व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) आईशी मोठ्याने बोलते, व्हाळ ओलांडला की कुजबुजते, आणि शाळेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दिसला की गप्प होते. उन्हाळी सुट्टीत रिकाम्या शाळेच्या ओट्यावर मात्र ती चुलत भावाशी भांडली होती. म्हणजे अडचण इमारतीची नव्हती, इमारतीत मी आणि इतर मुलं असण्याची होती. कुठून सुरुवात करायची हे त्या कागदाने सांगितलं.

खेळातून ओळख, प्रश्न न विचारता

रोज दहा मिनिटं तिच्याशेजारी बसायचं आणि ती जे करतेय ते सांगत राहायचं. "तू होडीला निळा रंग दिलास. आता शीड काढतेयस." आपण शिक्षक असल्यामुळे प्रश्न तोंडात तयारच असतात. ते गिळायचे. तिने काही आवाज केला तर तोच परत म्हणायचा, आणि नेमकं काय आवडलं ते सांगायचं : "शीड छान सरळ आलंय." नुसतं 'शाब्बास' नको. पहिले दोन आठवडे माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा नाही, याची तिला खात्री पटणं हेच काम. आमच्या बाबतीत तिने हसून माझ्याकडे खडू सरकवला, तेव्हा पुढे जायची वेळ झाली.

त्यानंतर प्रश्न येतात, पण त्यांची तऱ्हा ठरलेली असते. हो-नाही प्रश्न नको, कारण मान हलवून सुटता येतं. "तुला काय हवं?" हा उघडा प्रश्नही सुरुवातीला फार मोठा. मधला प्रश्न निवडीचा : "हा बांगडा की पेडवा?" विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं. पाच सेकंद वर्गात फार लांब वाटतात, आपणच उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. देऊ नका. उत्तर आलं नाही तर त्याच प्रश्नाला वेगळं रूप द्या किंवा सोपी पायरी द्या, आणि तरीही नाही आलं तर कोणताही राग न दाखवता पुन्हा खेळाकडे वळा.

मुख्य पायरी : आईच्या हाताला धरून आवाज शाळेत आणणं

या पद्धतीला तज्ज्ञ 'स्लाइडिंग इन' म्हणतात. मूल ज्या माणसाशी बोलतं त्याला घेऊन ते नव्या जागी बोलायला लागतं, आणि मग नवा माणूस एकेक पाऊल त्या बोलण्यात सरकत येतो. सगळ्या उपचारात मला ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते, म्हणून आम्ही ती कशी केली ते तपशिलात सांगते.

शाळा सुटून सगळे गेले की आई आणि ती वर्गात बसायच्या. हातात माशांच्या चित्रांचे आम्हीच केलेले पत्ते : बांगडा, सुरमई, मोरी, कर्ली, सौंदाळे. एकीने नाव सांगायचं, दुसरीने पत्ता काढायचा. पहिल्या दिवशी मी शाळेच्या आवारातच नव्हते, गडग्याबाहेर आंब्याखाली बसले होते. दार बंद. मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि ते तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून वह्या तपासत बसले. आतून "मोरी!" असं ऐकू आलं. वर्गातला तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी दार अर्धं उघडं ठेवलं, तर ती कुजबुजायला लागली. आम्ही लगेच मागे गेलो : दार बंद, पुन्हा दोन दिवस तसंच. कुजबुज ही पायरी वाटते पण ती सवय होऊन बसते, म्हणून मोठा आवाज टिकतो तिथेच थांबायचं. मग दार वीतभर, मग अर्धं, मग पूर्ण.

दार पूर्ण उघडं राहूनही तिचा आवाज टिकला, तेव्हा मोजण्याचा खेळ सुरू केला. आधी तिला सगळं समजावून सांगितलं. फसवून काही करायचं नाही, हा नियम. "तू आणि आई एकेक आकडा म्हणायचा, एकपासून दहापर्यंत. प्रत्येक वेळी दहा झाले की बाई एक पाऊल आत येणार. आवाज अडला तर बाई एक पाऊल मागे जाणार." आई 'एक', ती 'दोन', आई 'तीन'. मी उंबऱ्यावर. मग फळ्यापाशी. मग दुसऱ्या बाकापाशी. एका दिवसात तीन-चार पावलं, दहा-पंधरा मिनिटं, त्यावर नाही. मी त्यांच्याशेजारी बसले त्या दिवशी नुसती बसले. दुसऱ्या दिवशी आकडे तिघींत वाटले : आई 'एक', ती 'दोन', मी 'तीन'. पुन्हा आईचा 'चार', आणि मग तिचा 'पाच', माझ्याकडे न बघता, पण ऐकू येईल असा. मग आईने आपला क्रम हळूहळू कमी केला, पाण्याच्या निमित्ताने दारापर्यंत गेली, व्हरांड्यात गेली, गडग्यापाशी गेली. मोजण्याच्या पहिल्या दिवसापासून सतराव्या दिवशी मी म्हणाले, "तीन," ती म्हणाली, "चार," आणि वर्गात आम्ही दोघीच होतो.

आकडे, आठवड्याचे वार, महिने यांनी सुरुवात का करायची? कारण त्यात विचार करावा लागत नाही, उत्तर चुकायची भीती नसते आणि आपली पाळी कधी येणार ते माहीत असतं. त्यावरून चित्रांची नावं, मग वाक्य पूर्ण करणं, मग खरा प्रश्न.

माझ्यानंतर एक मैत्रीण, याच पद्धतीने. मग दुसरी. मग चार जणांचा गट. पट १४ असल्याचा इथे फार फायदा झाला. मोठ्या शाळेत वर्गाऐवजी गट हेच एकक धरा आणि मधल्या सुट्टीत रिकामी खोली मागून घ्या.

आईला रोज येणं जमत नसेल, मासळी बाजारात किंवा बागेत कामाला जावं लागत असेल, तर मोठी बहीण किंवा शेजारची मैत्रीण चालते. अट एकच, मूल तिच्याशी मोकळं बोलत असलं पाहिजे.

काही मुलं नव्या माणसासमोर शब्दच काढू शकत नाहीत, ओळखीचं माणूस जवळ असलं तरी. त्यांच्यासाठी आवाजाच्या पायऱ्या आणखी बारीक करायच्या : मेणबत्ती फुंकणं, मग 'फू', मग 'स्स्स', मग दोन आवाज जोडून 'हो'. मुलाने घरी रेकॉर्ड केलेलं वाचन शिक्षकांना ऐकवणं ही पायरीसुद्धा पुष्कळांना सोपी जाते, अर्थात त्याच्या परवानगीने.

बाहेरची शिडी

शाळेत जम बसला म्हणून दुकानात आपोआप बोलणं येत नाही. जागा बदलली की नवी शिडी. तिच्याशी बसून आम्ही एस.टी.ची शिडी बनवली. खालून वर अशी :

१. रिकाम्या स्टँडवर आईशी बोलणं.
२. एस.टी.त मागच्या सीटवर आईशी बोलणं.
३. कंडक्टर जवळ आल्यावरही आईशी बोलणं चालू ठेवणं.
४. पैसे कंडक्टरच्या हातात देणं.
५. आईने "एक फुल" म्हणायचं, तिने "एक हाफ".
६. गावाचं नाव तिने सांगणं.

पाचव्या पायरीला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी कंडक्टर पुढे निघून गेला आणि आईच्या तोंडावर आलेले शब्द आईने दातांनी धरून ठेवले, असं तिने मला नंतर सांगितलं. तिकीट घ्यायचंच असतं, म्हणून पाच सेकंद थांबून आईने पुन्हा विचारलं, "एक फुल आणि काय?" आणि दुसऱ्या खेपेलाही नाही आलं तेव्हा आईने स्वतः तिकीट घेतलं, पण "ठीक, पुढच्या वेळी" एवढंच म्हणाली. तिसऱ्या रविवारी "हाफ" निघालं.

प्रत्येक पायरी जमली की वहीत एक शिक्का, दहा शिक्क्यांना तिने निवडलेली गोष्ट. बक्षीस प्रयत्नाला द्यायचं, आधी ठरवून द्यायचं आणि लगेच द्यायचं. जिला पायरीच फार उंच आहे तिला बक्षीस दाखवणं म्हणजे मी केलेली चॉकलेटची चूक.

मूल मोठं असेल तर

सात-आठ वर्षांपुढच्या मुलाशी भीतीबद्दल उघड बोला. आमच्याकडे मुलांना समजावायला समुद्र हाताशी आहे. धक्क्याच्या पायऱ्या भरतीत एकेक करून बुडतात आणि ओहोटीत उघड्या पडतात. भीतीही तशीच चढते, एका उंचीला थांबते आणि उतरते. फरक एवढाच की भीतीला सहा तास लागत नाहीत. मुलांना शून्य ते दहा पायऱ्यांचा धक्का काढायला सांगा आणि आत्ता पाणी कुठल्या पायरीवर आहे ते बोटाने दाखवू द्या. बोलायच्या आधी, बोलताना, नंतर. पाणी उतरतं हे त्यांना स्वतःच्या अंगावर कळायला हवं, आपण सांगून पटत नाही.

मग मनातलं वाक्य पकडायचं. "माझा आवाज ऐकून सगळे वळून बघतील." ठीक, मोजून पाहू. तिने गटात एक ओळ वाचली आणि मी किती जणांनी मान वळवली ते मोजलं. चौघांपैकी एकाने, आणि त्याने खोडरबर मागायला वळवली होती. असे दहा-बारा प्रयोग झाले की वाक्य आपोआप बदलतं. "तू छान बोलतेस, घाबरू नको" असं शंभरदा सांगण्यापेक्षा हा एक प्रयोग जास्त काम करतो, असा माझा अनुभव आहे.

किती दिवस, आणि अडलं तर

जितकं लवकर तितकं बरं. नॉर्वेमध्ये ओर्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घर आणि शाळा मिळून अशाच पद्धतीने उपचार केलेल्या मुलांना पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ३० पैकी २१ मुलं पूर्ण बरी झालेली होती, आणि लहान वयात उपचार मिळालेल्यांना फायदा जास्त झालेला होता. "मोठी झाली की बोलेल" म्हणून वाट पाहू नका. काही बोलतात, पण तोवर गप्प राहण्याची सवय हाडीमासी मुरलेली असते.

चार-पाच महिने नीट करूनही काही हललं नाही, किंवा भीती फार तीव्र असेल, तर मनोविकारतज्ज्ञ फ्लुऑक्सेटिनसारखं औषध थेरपीच्या जोडीला सुचवतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं, त्यांनीच बंद करायचं. औषधाचं नाव ऐकून पालक उठून जातात, तसं करू नका, शंका तिथेच विचारा.

सुट्टी, नवी इयत्ता आणि बदली

मे महिन्याची सुट्टी म्हणजे कमावलेलं वाहून जायची जागा. सुट्टीत आठवड्यातून एकदा तरी शाळेच्या ओट्यावर मैत्रिणींना घेऊन खेळा. जूनमध्ये पहिला आठवडा दोन पायऱ्या खालून सुरू करा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आणखी एक गोष्ट ठरलेली असते : शिक्षकांची बदली. माझी झाली तेव्हा ती तिसरीत जाणार होती. नव्या बाईंना मी शाळा उघडायच्या आधी दोनदा बोलावलं आणि तोच मोजण्याचा खेळ खेळलो, या वेळी आईच्या जागी मी. दुसऱ्याच दिवशी चार आकडे निघाले. शिवाय एक पान लिहून हजेरीपत्रकात ठेवलं. तुम्हालाही लिहावं लागेल, म्हणून त्यातलं जसंच्या तसं देते.

"प्रश्न विचारताना दोन पर्याय द्या आणि पाचपर्यंत मोजा. तिच्या वतीने इतर मुलांना उत्तर देऊ देऊ नका. वाचन आधी चौघांच्या गटात घ्या, वर्गासमोर दिवाळीनंतर. तिची बोली आहे तशी राहू द्या. लघवीच्या चिठ्ठ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहेत, आता लागत नाहीत, पण काढू नका. हजेरीला ती 'हजर' म्हणते. आवाज बारीक असतो. पुन्हा म्हणायला सांगू नका. ऐकू आलं असं समजून पुढचं नाव घ्या."